पहिला रॅपर आणि आईच्या शेवया

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:४०

परवा भाचा आला होता. कानात बोंडं घालून मान हलवत बसलेला. म्हटलं, काय ऐकतोस रे? तर म्हणाला, "मामा, तुला नाही कळणार." मला हसूच फुटलं. २००३ साली हेच वाक्य मी बाबांच्या तोंडावर फेकलं होतं. त्या गाण्यातलं मलाही ओ की ठो कळत नाही, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं एवढंच.

नववीची परीक्षा संपलेली, निकाल लागायचा होता. मामेभाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला होता, तो सांगलीला येताना एक एमपीथ्री सीडी घेऊन आला. वर मार्करने 'इंग्लिश मिक्स ४' लिहिलेलं, आत दीडशेएक गाणी, निम्म्यांची नावं 'ट्रॅक ०७' किंवा 'अननोन आर्टिस्ट'. घरी असेंबल केलेला कॉम्प्युटर होता. दोन स्पीकर, त्यातला डावा टपली मारल्याशिवाय चालायचा नाही. बॅकस्ट्रीट बॉइज वगैरे मंडळी होऊन गेली आणि एकदम पियानो लागला. मग गिटार, एकच सूर दामटत पुढे ढकलणारी. आणि मग तो आवाज. धापा टाकत आलेल्या माणसाने दारातूनच सगळी हकिगत सांगायला सुरुवात करावी तसा.

'लूज युवरसेल्फ', एमिनेम. पण ही दोन्ही नावं मला तीन आठवड्यांनी कळली. तोवर माझ्या लेखी तो 'ट्रॅक ०७' होता.

मी मराठी माध्यमाचा, इंग्रजी पाचवीपासून. सर 'द काऊ इज अ युजफुल ॲनिमल' सुद्धा मराठीतून समजावायचे. त्यामुळे मी एकच करू शकत होतो, ऐकू येईल ते देवनागरीत लिहून काढणं. शंभरपानी वही घेतली. दोन सेकंद गाणं, पॉज, लिही, मागे ने, परत ऐक. पहिल्या कडव्याला चार दुपारी गेल्या. ती वही अजून माळ्यावर आहे. त्यात एके ठिकाणी 'मामस्पा गेटी' असं स्वच्छ अक्षरात लिहिलंय आणि पुढे कंसात 'मुलीचं नाव?'

गंमत म्हणजे अर्थाची अडचण मला जाणवतच नव्हती. व्याकरणात आम्हाला नुकतंच 'यमाताराजभानसलगम' शिकवलं होतं, तर मी त्याचे गण पाडून बघितले. अर्थातच बसले नाहीत. पण वहीत लिहिलेलं वाचताना लक्षात आलं की स्वेटी, हेवी, रेडी, स्पगेटी, सगळीकडे तेच दोन स्वर फिरून फिरून येतायत. यमक ओळीच्या शेवटी बसतं असं आमचं शिक्षण. हा माणूस ओळीच्या पोटातच चार-चार यमकं पेरून पुढे निघून जात होता, आणि वर मुद्दाम केलंय असं वाटूही देत नव्हता. अनुप्रासाची व्याख्या मी दोन मार्कांसाठी पाठ केली होती. अनुप्रास ऐकला तो इथे.

शेवटी सायबर कॅफे. तासाला वीस रुपये, प्रिंटला पानामागे पाच. दोन पानं छापून आणली आणि भूगोलाच्या पुस्तकात ठेवली, तिथे कोण बघतंय म्हणून. बाबांनी बघितली. मी खाली मान घालून उभा. एक-दोन शब्द असे होते की आता चपलेने मार बसणार अशी खात्री. बाबा सरकारी खात्यात कारकून, इंग्रजी टिपणं लिहिण्यात मुरलेले. चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "हे स्पगेटी काय आहे?"

आम्ही दोघांनी डिक्शनरी काढली. शेवयांसारखा इटालियन पदार्थ. आजी पाटावर बसून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे पोराला आईच्या हातच्या शेवया पचल्या नाहीत होय? स्वेटरवर काढल्या?" बाबा म्हणाले, "घाबरलाय तो. स्टेजवर जायचंय त्याला." आणि प्रिंट परत भूगोलात ठेवून दिली. त्या शब्दांबद्दल एक अक्षर नाही.

पुढे हे गाणं ज्यात आहे तो एमिनेमचाच पिक्चर 'एट माइल' सीडी भाड्याने आणून बघितला, त्याच वर्षी मार्चमध्ये या गाण्याला ऑस्कर मिळालं होतं हे कळलं. रॅप गाण्याला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर, आणि साहेब घ्यायलाच गेले नव्हते. पण कॅफेत वाचलेली खरी मोलाची माहिती वेगळीच होती: एमिनेम नववीत तीनदा नापास झाला आणि त्याने शाळा सोडली. नववीच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोराला हे कळणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. ती प्रिंट मात्र मी काढली नाही.

तर, तुमचा पहिला रॅपर कोण? शाळेच्या वयातला पाहिजे. नंतर पॉडकास्ट ऐकून आवडलेले बाद.

खादाड बोका | शनिवार, रात्री ११:०५

आजी रॉक्स! धागा वाचून शेवयांची खीर खावीशी वाटायला लागली, ही माझी चूक नाही.

गवती चहा | शनिवार, रात्री ११:३२

छान लिहिलंयस. माझी मिसी एलियट. २००१, डोंबिवली, आठवी. मी तबल्याच्या क्लासला जायचे, वर्गात एकटी मुलगी. सर म्हणायचे, "बोटं नाजूक आहेत, पेटी शीक." एका संध्याकाळी शेजारच्यांकडे एमटीव्ही चालू होता आणि 'गेट युर फ्रीक ऑन' लागलं. आधी ते तुंबीचं टुंग टुंग, पंजाबी गाण्यात असतं ना तसंच. आणि खाली तबला! सूट घातलेली, अंगाने भरलेली, कुणाला आवडावं म्हणून काहीही न करणारी एक बाई त्यावर बोलत होती. मी दारातच उभी राहून मांडीवर ठेका धरला होता, काकू म्हणाल्या, "अगं आत ये की."

तो ताल टिंबालँड नावाच्या निर्मात्याने बांधलाय हे मोठेपणी कळलं. दुसऱ्या दिवशी क्लासला जाऊन तो वाजवायचा प्रयत्न केला. सरांना वाटलं मी केहरवा चुकतेय.

एक सांगू का, रागावू नकोस. एमिनेम मलाही पुढे ऐकावा लागला, दादा दिवसरात्र लावायचा. कारागीर म्हणून तोड नाही, मान्य. पण बायकोला मारण्याचं गाणं, आईची लक्तरं, बायकांसाठी ते सगळे शब्द... 'कलाकाराचं पात्र बोलतंय' हे दादाचं उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं. तुझ्या बाबांच्या हाती ते एकच गाणं लागलं हे तुझं नशीब.

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ११:५०

गवती चहा, रागावत कशाला. खरंय. मला बाकीची गाणी समजायला लागली तोवर मी भक्त होऊन बसलो होतो, आणि भक्ताला ऐकू येत नाही. ताईने एकदा स्पष्टच विचारलं होतं, "हे मला मोठ्याने वाचून दाखवशील?" नाही दाखवलं.

जुनाट | रविवार, सकाळी ७:१५

क्षमस्व, पण संगीतात सूर लागतो. ही तालावर केलेली बडबड आहे. चार दिवसांची फॅशन.

कुर्ला ते वाशी | रविवार, सकाळी ९:२०

जुनाटकाका, चार दिवस ११ ऑगस्ट १९७३ पासून चाललेत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये बहिणीच्या पार्टीला कूल हर्क नावाच्या डीजेने एकाच तबकडीच्या दोन प्रती लावून फक्त ढोलाचा तुकडा लांबवत नेला, लोक नाचत राहिले, बोलणारे त्यावर बोलत राहिले. पन्नास वर्षं होऊन गेली :)

आता माझं. २०१४, मीही नववीतच. (नववीत काहीतरी आहे बहुतेक.) मित्राच्या मोबाईलवर नेझीचं 'आफत' बघितलं. नावेद शेख, कुर्ला वेस्टचा, आमच्याकडून चालत पंधरा मिनिटं. आयपॅडवरच रेकॉर्ड केलेलं, आयपॅडवरच शूट केलेलं. कृष्णाकाठ, तुम्हाला काहीच कळलं नाही म्हणून धक्का बसला, मला सगळंच कळलं म्हणून बसला. तोवर गाण्यातली हिंदी म्हणजे दिल, सनम, बारिश. आम्ही नाक्यावर बोलतो ती भाषा गाण्यात चालते हे कुणी सांगितलंच नव्हतं. व्हिडिओत मागे जे पत्रे, गटार, जिने दिसतात ना, ते पाहुणे आले की आम्ही लपवायचो. हा त्याच्यापुढे उभा राहून कॅमेऱ्यात बघत होता.

पुढच्याच वर्षी त्याचं डिव्हाइन नावाच्या रॅपरबरोबर 'मेरे गली में' आलं, मग काय, वर्गात बाकं बडवून बडवून हात सुजले.

आणि गंमत बघा, या दोघांचीही सुरुवात कृष्णाकाठ यांच्यासारखीच. नेझी शाळेत असताना शॉन पॉलचं 'टेम्परेचर' पाठ करून पोरांना म्हणून दाखवायचा. डिव्हाइन अंधेरीच्या जे. बी. नगरचा, त्याला मित्राच्या टी-शर्टवर फिफ्टी सेंटच्या अल्बमचं चित्र दिसलं, हा कोण म्हणून विचारलं, तर मित्राने एमपीथ्री सीडी आणून दिली. म्हणजे ती सीडी सगळीकडे फिरत होती.

कातळशिल्प | रविवार, सकाळी ११:१०

जुनाट यांच्यासाठी. माझे काका रत्नागिरीकडे शक्ती-तुऱ्याच्या नाचात शाहीर. घाटावर ज्याला कलगी-तुरा म्हणतात तेच. तुरेवाले शिवाच्या बाजूचे, शक्तीवाले शक्तीच्या. गण-गवळण झाली की पुराणातला एखादा अडका, म्हणजे कोडं, टाकायचा, समोरच्याने त्याच चालीत सोडवायचा, आणि मध्येमध्ये त्याची यथेच्छ काढायची. रात्रभर. लोक टाळ्या सुरांना देत नाहीत हो, उत्तराला देतात.

पण म्हणून 'रॅप आपल्याकडे आधीच होता' असं मी म्हणणार नाही, ते वाक्य मला अंगावर येतं. फरक आहे, आणि तो मला 'एट माइल'मुळेच कळला. शेवटच्या रॅप-लढतीत नायकाचा नंबर पहिला लागतो आणि तो समोरच्याने जे जे काढलं असतं ते सगळं स्वतःच सांगून मोकळा होतो. मी गरीब, मी पत्र्याच्या गाडीत आईबरोबर राहतो, मला मार पडलाय, माझी मैत्रीण मला फसवून गेली. मग माईक समोरच्याच्या हातात देतो. त्याच्याकडे बोलायला काही उरतच नाही.

हे मी काकांना रंगवून सांगितलं. काका बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "असं केलंन तर समोरच्याने गावचा काय? नाच मोडला मां." त्यांच्या मते तो डाव नव्हता, बेईमानी होती. समोरच्याला जागा ठेवायची असते.

खादाड बोका | रविवार, सकाळी ११:१८

काकांना दंडवत. या धाग्यात वडीलधाऱ्यांनीच बाजी मारलीय.

जुनाट | रविवार, दुपारी १२:४०

शक्ती-तुरा मी परळला पुष्कळ ऐकलाय. त्यात चाल असते. असो. काकांचं म्हणणं पटलं.

टाडीवाला शेजारी | रविवार, दुपारी २:०५

वय १९, सगळे मोठे आहात, सांभाळून घ्या. माझा पहिला एमसी स्टॅन. बिग बॉसच्या आधीचा हां! २०२० चा 'तडीपार'. पुण्यात राहून पहिल्यांदा गाण्यात सदाशिव पेठेच्या बाहेरचं पुणं ऐकलं. लोक म्हणतात त्याला नीट बोलता येत नाही. पण तो लहानपणी कव्वाली गायचा, शब्द कुठे ओढायचा हे त्याला बरोबर कळतं. आईला अजिबात आवडत नाही.

मराठीत रॅप आहे का असं विचारू नका, आहे. 'स्वदेसी' या रॅप ग्रुपचं 'द वारली रिवोल्ट' ऐका, २०१९ चं. आरेतल्या केलटी पाड्यातले प्रकाश भोईर त्यात वारली गाणं गातात आणि एमसी मवाली मराठीत रॅप करतो. अमरावतीचा '१०० आरबीएच' पण ऐका, वऱ्हाडी ठसका आहे.

गवती चहा | रविवार, दुपारी २:३०

वारली रिवोल्टला +१. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरेत रात्रीतून झाडं पाडली तेव्हा दोन दिवस तेच डोक्यात वाजत होतं.

मिशिगनकर | रविवार, रात्री ८:१०

इथे सकाळ आहे, चहा पिता पिता धागा वाचला. माझं घर नोवायला, डेट्रॉईटच्या बाहेर. ज्या 'एट माइल'वर तुम्ही मंडळी एवढे भाळलात त्या रस्त्यावरून मी आठवड्यातून चारदा जातो. निराश करतो का? रुंद सरळसोट रस्ता, टायरची दुकानं, पेट्रोल पंप, बंद पडलेले गाळे, दारूची दुकानं. गोम एवढीच की डेट्रॉईट शहराची उत्तरेकडची हद्द म्हणजे हा रस्ता. दक्षिणेला शहर, बहुतांश काळ्या लोकांची वस्ती. उत्तरेला उपनगरं, अनेक दशकं गोऱ्यांची. नवीन आलो तेव्हा ऑफिसातल्या एकाने घर शोधताना गंभीर चेहऱ्याने बजावलं होतं, "एटच्या वर बघ." मला वाटलं पगाराचं बोलतोय.

आता कृष्णाकाठ यांच्यासाठी खास. एमिनेमने २०२१ मध्ये इथे डाऊनटाऊनला, वुडवर्ड ॲव्हेन्यूवर खरंच 'मॉम्स स्पगेटी' नावाचं हॉटेल काढलंय. हॉटेल कसलं, गल्लीच्या तोंडाशी खिडकी. चायनीज मिळतं तसल्या कागदी खोक्यात शेवया देतात. पावाच्या दोन स्लाइसमध्ये शेवया घातलेलं सँडविचही आहे. सासूबाई आल्या होत्या तेव्हा घेऊन गेलो. एक घास खाऊन म्हणाल्या, "फोडणी नाही." खरंच नाही. कालच्या उरलेल्या शेवया तव्यावर परतल्यासारखी चव, आणि मला वाटतं तीच करायची होती त्यांना.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:००

मिशिगनकर!! हे मला माहीतच नव्हतं. आजी असती तर 'फोडणी नाही' ऐकून तुमच्या सासूबाईंशी दोस्तीच केली असती.

कातळशिल्प | रविवार, रात्री ९:१५

एक राहिलं. वहीत लिहिलं, पाठ केलं, पण कुठे म्हटलंत का? की नुसतंच बाथरूम?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:५५

हा प्रश्न कुणी विचारू नये असं वाटत होतं.

म्हटलं. म्हणजे म्हणायला उभा राहिलो. दहावीचं स्नेहसंमेलन, डिसेंबर. नापास झालो नाही, नववी सुटली. वर्गशिक्षकांना 'इंग्रजी काव्यवाचन' असं सांगून नाव दिलं होतं. दोन शब्द मी स्वतःच बदलले होते. मागे संगीत नाही, शेजारच्या बाकावरचा एक मित्र डफ वाजवणार होता. बाबा तिसऱ्या रांगेत, ऑफिसातून थेट आलेले, मांडीवर डब्याची पिशवी.

गाणं कशाबद्दल आहे ते आठवतंय ना? स्टेजवर गेल्यावर ज्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही त्याच्याबद्दल. आठ महिने मी ते पाठ केलं. झोपेत म्हणायचो. आणि स्पगेटीपर्यंत पोचलो आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. काहीही नाही. डफवाला मित्र बिचारा वाजवतच राहिला, त्याला वाटलं मी मुद्दाम थांबलोय. मागच्या रांगेतून कुणीतरी "पुढं चल की भावा" म्हणून ओरडलं. मग बाईंनी खूण केली आणि कोळी नृत्यवाल्या मुली माझ्या दोन्ही बाजूंनी स्टेजवर आल्या. मी त्यांच्या टोपल्यांमधून वाट काढत खाली उतरलो.

परत जाताना स्कूटरवर मागे बसलो होतो. बाबा काही बोलले नाहीत. राममंदिराजवळ थांबून त्यांनी भडंगाची पुडी घेतली, माझ्या हातात दिली, परत स्कूटर काढली. मार्केट यार्डाच्या पुढे आल्यावर मान जराशी मागे वळवून, वाऱ्यात ऐकू जावं म्हणून मोठ्याने विचारलं, "शेवयांपर्यंत तर बरोबर होतं. पुढे काय आहे?"

आणि मला सगळं आठवलं. विश्रामबाग येईपर्यंत त्यांच्या पाठीमागे बसून दोन कडवी म्हटली, बदललेले दोन शब्द मूळचे घालून. घरापाशी स्कूटर स्टँडवर लावताना बाबा म्हणाले, "तिसरं?"

तिसरं मला नीट येत नव्हतं. तसं सांगितलं.

खादाड बोका | रविवार, रात्री १०:०२

...

भडंग कुठल्या दुकानातलं होतं?